अमेरिकन हायस्कूलमध्ये शासनव्यवस्था आणि चालू राजकारण कसे शिकवावे

भारतात शिक्षण पूर्ण करून अमेरिकेत आलेली, काही वर्षे दुसऱ्या क्षेत्रात नोकरी केलेली आणि नंतर राज्याचे अध्यापन प्रमाणपत्र मिळवून सार्वजनिक हायस्कूलमध्ये शिकवू लागलेली मराठी माणसे आता ठिकठिकाणी भेटतात. त्यांतील ज्यांच्या वाट्याला सोशल स्टडीज विभागातला ‘गव्हर्नमेंट’ हा विषय येतो, त्यांची अडचण इतर विषयांच्या शिक्षकांपेक्षा वेगळी असते. गणित शिकवणाऱ्याचा जन्म कुठे झाला याने काही बिघडत नाही. येथे मात्र समोर बसलेली सतरा-अठरा वर्षांची मुले काही महिन्यांत मतदार होणार असतात, त्यांच्या घरी राजकारणावर रोज बोलणे होत असते, आणि शिक्षक स्वतः कदाचित अजून या देशाचा नागरिकही झालेला नसतो.

मी हा विषय काही वर्षे शिकवत आहे. पहिल्या वर्षी मुलांना गोडी लागावी म्हणून मी पहिल्याच तासाला अध्यक्षांच्या एका ताज्या निर्णयाची चित्रफीत दाखवली आणि ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले. पाच मिनिटांत वर्गाचे दोन तट पडले, आवाज चढले, आणि मागच्या रांगेतली चार-पाच मुले पुढचा महिनाभर तोंड उघडेनाशी झाली. निर्णय घेण्याचा अधिकार अध्यक्षांना कोठून मिळाला, हा प्रश्न त्या तासात एकदाही निघाला नाही. तेव्हापासून मी एक क्रम पाळतो: आधी घटनेचा मजकूर, मग बातमी, आणि मत सर्वांत शेवटी. पुढचे सर्व मार्गदर्शन या क्रमाभोवती रचलेले आहे.

वर्ग सुरू होण्यापूर्वी

ऑगस्टमध्येच तीन कागद मिळवून वाचावेत. पहिला म्हणजे राज्याने ठरवलेली सोशल स्टडीजची मानके. येथे देशभर एकच अभ्यासक्रम नाही, प्रत्येक राज्य आपापला ठरवते. दुसरा म्हणजे आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे, वादग्रस्त विषयांबाबतचे धोरण. तिसरा म्हणजे वर्गातील चर्चेबाबत राज्याने केलेला कायदा, असल्यास. २०२१ पासून अनेक राज्यांनी वंश, लिंगभाव आणि चालू घडामोडी यांच्या अध्यापनावर निरनिराळी बंधने घातली आहेत. टेक्ससमध्ये त्या वर्षी झालेल्या कायद्याने शिक्षकाला वादग्रस्त चालू विषय शिकवण्याची सक्ती करता येत नाही, मात्र त्याने तो घेतलाच तर निःपक्षपातीपणे मांडला पाहिजे असे ठरवले. शेजारच्या राज्यातील मैत्रिणीने केलेला लेसन प्लॅन आपल्या राज्यात जसाच्या तसा चालेल असे गृहीत धरू नये.

शिक्षकाच्या स्वतःच्या बोलण्याला किती संरक्षण आहे, याविषयी नवख्यांच्या मनात मोठा गैरसमज असतो. पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्य दिले आहे, तेव्हा वर्गात आपण काहीही बोलू शकतो, असे त्यांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असा निर्णय दिला की सरकारी कर्मचारी आपल्या अधिकृत कामाचा भाग म्हणून जे बोलतो, त्याला ते संरक्षण मिळत नाही. वर्गातील अध्यापनाला हे तंतोतंत लागू होते का, हा प्रश्न त्या निकालाने मोकळा ठेवला. पण पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने तिच्या विरुद्ध निर्णय दिला. इराक युद्धाच्या वेळी चालू घडामोडींच्या तासाला एका मुलाने तिला विचारले होते की तुम्ही निदर्शनांत कधी भाग घेता का. रस्त्यावरून जाताना ‘शांततेसाठी हॉर्न वाजवा’ असा फलक दिसला तेव्हा आपण हॉर्न वाजवला, इतकेच तिने सांगितले. तिच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही, आणि न्यायालयात तिला दाद मिळाली नाही. भिऊन गप्प बसावे यासाठी मी हे उदाहरण देत नाही. पाय कोठे टेकले आहेत हे पाहून चालावे, एवढ्यासाठी देतो.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात पालकांना एक पानाचे पत्र पाठवावे. वर्गात कोणते विषय येतील, चर्चा कोणत्या नियमांनी होईल, कोणत्याही पक्षाचा प्रचार होणार नाही, आणि शंका असल्यास आधी शिक्षकाशी बोलावे, एवढे त्यात असावे. पत्र विभागप्रमुखांना दाखवून मगच पाठवावे. पुढे एखाद्या पालकाचा रागावलेला ईमेल आला तर प्रिन्सिपलसमोर हेच पत्र आपल्या बाजूने बोलते.

आपले शब्द आधी तपासावेत

भारतीय घटनेवर पोसलेल्या माणसाच्या डोक्यात काही शब्दांचे अर्थ इतके पक्के बसलेले असतात की ते चुकीच्या जागी पडतात हे त्याच्या लक्षातही येत नाही. आपण ‘सरकार’ म्हणतो तेव्हा मंत्रिमंडळ अभिप्रेत असते, आणि बहुमत गेले की सरकार पडते. अमेरिकेत ‘गव्हर्नमेंट’ म्हणजे काँग्रेस (येथली संसद; प्रतिनिधीगृह आणि सेनेट ही तिची दोन सभागृहे), अध्यक्ष आणि न्यायालये मिळून संपूर्ण यंत्रणा. ज्याला आपण सरकार म्हणतो त्याला येथे ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ म्हणतात, आणि काँग्रेसमध्ये पक्षाचे बहुमत गेले तरी ते पडत नाही. भारतातील राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. येथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो आणि त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारे असते. ‘सेक्रेटरी’ म्हणजे येथे सचिव नव्हे, खातेप्रमुख मंत्री, आणि तो काँग्रेसचा सदस्य असू शकत नाही. सभागृहात एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे भारतात आणि ब्रिटनमध्ये तो चर्चेसाठी ठेवणे, तर अमेरिकेत तो बाजूला सारणे. अर्थ अगदी उलटा. लाल रंगाचेही तसेच आहे. लाल म्हणजे डावे, ही आपली सवय. येथे लाल रंग रिपब्लिकन पक्षाचा आणि निळा डेमोक्रॅटिक पक्षाचा, आणि तोही २००० च्या निवडणुकीच्या प्रक्षेपणांपासून पक्का झालेला.

संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींतील फरक स्वतःच्या मनात स्वच्छ करून घ्यायचा असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना केलेले भाषण वाचावे, असे मी प्रत्येक मराठी शिक्षकाला आवर्जून सांगतो. लोकशाहीतील कार्यकारी मंडळ स्थिरही असावे आणि जबाबदारही असावे, पण दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकन पद्धत स्थैर्य अधिक देते, ब्रिटिश पद्धत जबाबदारी अधिक देते, असे त्यांनी तेथे मांडले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आणि अमेरिकन व्यवस्था जवळून पाहिलेल्या माणसाची ही तुलना आहे. ती समजली की अध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यातील रस्सीखेच हा व्यवस्थेचा बिघाड नसून तिची रचनाच तशी आहे, हे मुलांना समजावणे सोपे जाते.

पहिले दोन आठवडे फक्त मजकूर

अमेरिकेची मूळ घटना साडेचार हजार शब्दांच्या आसपास आहे. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात तिचा मसुदा झाला, १७ सप्टेंबरला त्यावर सह्या झाल्या. संघीय निधी घेणाऱ्या प्रत्येक शाळेने त्या दिवसाच्या सुमारास घटनेविषयी काही कार्यक्रम घेतला पाहिजे असा कायदाच आहे, आणि सत्राच्या सुरुवातीला हा दिवस येत असल्यामुळे त्याचा उपयोग करून घ्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याला घटनेची छापील प्रत द्यावी. पडद्यावरची नको, कारण समासात लिहिता आले पाहिजे.

वाचन अध्यक्षांपासून सुरू करू नये. मुलांच्या मनात अध्यक्ष म्हणजेच शासन असते. घटनेच्या पहिल्या कलमात मात्र काँग्रेस आहे, आणि ते एकटे कलम मूळ मजकुराच्या निम्म्याहून थोडे अधिकच भरते. मुलांना तीन रंगांची पेन्सिल द्यावी आणि पैसा, सैन्य व कायदा या तीन गोष्टींविषयीचा प्रत्येक शब्द रंगवायला सांगावे. युद्ध घोषित करण्याचा अधिकार काँग्रेसकडे आणि सरसेनापतीपद अध्यक्षांकडे, हे एका मुलीने स्वतः रंगवताना शोधले आणि ‘मग खरे युद्ध कोण सुरू करते?’ असे विचारले, तो तास मला अजून आठवतो. त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि तो पुढे तीन महिने तेथेच होता.

पहिल्या कलमाच्या दुसऱ्या विभागात प्रतिनिधित्वासाठी गुलामांची गणना तीन पंचमांश करण्याची तरतूद आहे. ती गाळून पुढे जाऊ नये. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही नाही, ‘इतर व्यक्ती’ असे आडवळणाने लिहिले आहे. ‘गुलामगिरी’ हा शब्द घटनेत प्रथम आला तो ती संपवणाऱ्या तेराव्या दुरुस्तीत, १८६५ मध्ये. शब्द का टाळला असेल, हा प्रश्न मुलांना लिहून सोडवायला द्यावा. या विषयावर नाट्यीकरण मात्र कधीही करू नये, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला ‘तुला काय वाटते?’ असे एकट्याला विचारू नये. आपल्याकडे जातीच्या प्रश्नावर वर्गातल्या एखाद्या मुलाकडे सगळ्यांनी वळून पाहिले की त्याला काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

सत्तावीस दुरुस्त्या एका दमात शिकवण्याचा हट्ट धरू नये. शेवटची, सत्ताविसावी दुरुस्ती मात्र जरूर सांगावी. काँग्रेसच्या सदस्यांनी केलेली पगारवाढ मधली निवडणूक होईपर्यंत लागू होऊ नये, हा तिचा आशय. ती १७८९ मध्ये मांडली गेली आणि पुरेशा राज्यांच्या मान्यतेअभावी पडून राहिली. १९८२ मध्ये टेक्सस विद्यापीठातील ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने ती अजूनही मंजूर होऊ शकते असा निबंध लिहिला, त्याला ‘सी’ श्रेणी मिळाली, आणि मग त्याने राज्यांच्या विधिमंडळांना पत्रे लिहिण्याची मोहीम उघडली. १९९२ मध्ये दुरुस्ती घटनेत आली. विद्यापीठाने त्याची श्रेणी २०१७ मध्ये बदलून ‘ए’ केली. मुले ही गोष्ट घरी जाऊन सांगतात.

शाळेच्या दारातून न्यायालयाकडे

न्यायव्यवस्था शिकवताना १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यापासून सुरुवात करण्याची रीत आहे, कारण कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार न्यायालयाने तेथे स्वतःकडे घेतला. मी तो दुसऱ्या क्रमांकावर घेतो. आधी मुलांच्या वयाचे खटले घ्यावेत. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवातील डी मॉइन येथे मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी आणि इतर काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेले, आणि त्यांना निलंबित केले गेले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच्या जोडीला १९८५ चा न्यू जर्सीतील खटला घ्यावा, ज्यात स्वच्छतागृहात सिगारेट ओढल्याच्या संशयावरून एका चौदा वर्षांच्या मुलीची पर्स शाळेने तपासली आणि न्यायालयाने वाजवी संशय असल्यास वॉरंटशिवाय अशी तपासणी चालते असे म्हटले. तिसरा खटला २०२१ चा: चिअरलीडिंगच्या मुख्य संघात जागा न मिळाल्याने एका मुलीने सुटीच्या दिवशी, शाळेबाहेरून, स्नॅपचॅटवर शिव्या लिहिल्या; तिला वर्षभर संघातून काढले गेले, आणि न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी शाळेला चुकीचे ठरवले.

तिन्ही खटल्यांची हकीकत आधी द्यावी, निकाल झाकून ठेवावा आणि मुलांना स्वतः निकालपत्र लिहायला लावावे. एका खटल्यात मुले जिंकली, एकात शाळा जिंकली, एकात प्रश्न शाळेच्या कुंपणाबाहेरचा होता. त्यामुळे ‘न्यायालय नेहमी कोणाच्या बाजूने असते’ असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही.

बातमी वर्गात आणण्याची रीत

आता बातम्यांकडे वळावे. आठवड्यातून एक तास, तोही ठरलेल्या दिवशी, पुरेसा असतो. रोज बातमी घेतली की अभ्यासक्रम विस्कटतो. प्रत्येक बातमीला आधी तीनच प्रश्न विचारायचे. हे करण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो घटनेच्या कोणत्या ओळीत आहे? हे थांबवू कोण शकतो? आणि ते थांबवायचे असेल तर पुढची तारीख किंवा पायरी कोणती? या तिन्हींची उत्तरे वहीत उतरल्याशिवाय कोणीही मत सांगायचे नाही.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण ते आपल्या घरांनाही लागून आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाविषयी आदेश काढला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला नागरिक मानू नये, असा त्याचा आशय होता; म्हणजे एच-१बी व्हिसावरील जोडप्यांची मुलेही त्यात येत होती. वर्गात मी प्रथम १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीचे पहिले वाक्य फळ्यावर लिहितो. अमेरिकेत जन्मलेल्या किंवा नागरिकत्व मिळालेल्या आणि तिच्या ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेल्या’ सर्व व्यक्ती नागरिक आहेत, असे ते वाक्य आहे. मधल्या शब्दांखाली रेघ ओढून मुलांना विचारतो: हे शब्द घालण्याची गरज का पडली असेल, कोणाला वगळायचे असेल? मुले बहुधा परदेशी वकिलातींतील अधिकाऱ्यांपर्यंत स्वतःच पोचतात. मग वाँग किम आर्क यांचा १८९८ चा निकाल वाचायचा: सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेले ते नागरिक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आदेशाचे समर्थक म्हणतात की त्यांचे आईवडील येथे कायमचे राहत होते, म्हणून तो निकाल तात्पुरत्या रहिवाशांना लागू नाही. विरोधक म्हणतात की दुरुस्तीतील अपवाद मोजकेच आहेत आणि व्हिसावरील माणूस या देशाच्या कायद्याच्या पूर्णपणे अधीन असतो. दोन्ही युक्तिवाद मुलांनी मजकुराकडे बोट ठेवून मांडायचे. शेवटी प्रक्रिया: खालच्या न्यायालयांनी आदेशाला स्थगिती दिली, २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू होणारी स्थगिती देण्याच्या खालच्या न्यायालयांच्या अधिकारावर मर्यादा आणली, पण मूळ प्रश्नाला त्या दिवशी हात लावला नाही, पुढे तो प्रश्नही सुनावणीस घेतला. आपण ज्या दिवशी हा पाठ घ्याल त्या दिवशीची खटल्याची स्थिती न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहूनच वर्गात जावे. तोंडी युक्तिवादांचे ध्वनिमुद्रणही तेथे मिळते, आणि दहा मिनिटांचा तुकडा ऐकवला की न्यायाधीश वकिलांना किती वेळा अडवतात हे मुलांना कळते.

याच रीतीने १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस चाललेले शटडाउन, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने संघीय सरकारचे बरेच कामकाज बंद पडणे, घेता येते. अध्यक्षपद, प्रतिनिधीगृह आणि सेनेट तिन्ही एकाच पक्षाकडे असताना खर्चाचे विधेयक अडले कसे, हा प्रश्न विचारला की सेनेटमधील ६० मतांचा नियम (चर्चा संपवून विधेयक मतदानाला आणण्यासाठी १०० पैकी ६० मते लागतात) बाहेर येतो, आणि तो नियम घटनेत कोठेच नाही, सेनेटने स्वतः केलेला आहे, हे कळल्यावर मुले आपापल्या प्रती पुन्हा उलटून पाहतात.

प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात असे मात्र भासवू नये. इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राज्यांनी निवडलेल्या इलेक्टरांच्या मतांनी अध्यक्ष ठरवण्याची पद्धत, ठेवावे की काढावे, हा खुला प्रश्न आहे: २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला, आणि यावर विचारी माणसांचे प्रामाणिक मतभेद आहेत. २०२० ची निवडणूक कोणी जिंकली हा तसा प्रश्न नाही. बायडेन यांना ३०६ आणि ट्रम्प यांना २३२ इलेक्टरांची मते मिळाली, आणि न्यायालयांत गेलेल्या आक्षेपांनी हा निकाल बदलला नाही. समतोलाच्या नावाखाली वस्तुस्थितीला मताच्या रांगेत बसवणे ही मुलांची फसवणूक आहे, आणि येथे शिक्षकाने ठाम राहिले पाहिजे.

पंचवीस चिठ्ठ्यांचा तास

मतदारसंघांची आखणी हा विषय तोंडी सांगून कळत नाही, म्हणून पुढचा प्रयोग करावा. पाच ओळी आणि पाच रांगा असा पंचवीस चौकोनांचा तक्ता जमिनीवर चिकटपट्टीने आखावा. डावीकडच्या दोन उभ्या रांगांत पिवळ्या चिठ्ठ्या ठेवाव्यात, म्हणजे दहा. उरलेल्या तीन रांगांत हिरव्या, म्हणजे पंधरा. लाल आणि निळा रंग कटाक्षाने टाळावा, नाहीतर मुले गणित सोडून आपला पक्ष वाचवायला धावतात. आता दोरीने प्रत्येकी पाच चौकोनांचे, सलग जोडलेले पाच मतदारसंघ आखायला सांगावे.

आडव्या ओळींप्रमाणे आखले तर प्रत्येक मतदारसंघात तीन हिरवे आणि दोन पिवळे येतात, आणि हिरवा पक्ष पाचही जागा जिंकतो. उभ्या रांगांप्रमाणे आखले तर हिरव्याला तीन आणि पिवळ्याला दोन, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. मग मुलांपुढे अवघड काम ठेवावे: पिवळ्याला तीन जागा मिळवून द्या. बहुतेक गट आधी ‘अशक्य आहे’ म्हणतात. दहा-बारा मिनिटे दोरी सरकवल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते की दोन मतदारसंघांत हिरव्या चिठ्ठ्या कोंबून भरायच्या आणि उरलेल्या तिन्हींत पिवळ्याला तीन-दोन असे काठावर जिंकवायचे. दोरी वेडीवाकडी होते, पण नियम एकही मोडत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा गुडघ्यांवर बसून शेवटचा कोपरा जुळवत होता. जमल्यावर तो उठला आणि म्हणाला, ‘पण हे बरोबर नाही.’ तेव्हाच मी १८१२ ची मॅसॅच्युसेट्सची गोष्ट सांगतो. गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडर या प्राण्यासारखा दिसतो अशी टीका झाली, आणि त्यातून ‘गेरीमँडर’ हा शब्द निघाला.

लगेच पुढच्या तासाला २०२५ ची जोडी घ्यावी. जनगणना दहा वर्षांनी होते आणि नकाशेही साधारणपणे त्यानंतरच बदलतात. पण त्या वर्षी टेक्ससने मध्येच रिपब्लिकन पक्षाला अनुकूल नवा नकाशा केला, आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातील मतदारांनी ४ नोव्हेंबरला डेमोक्रॅटिक पक्षाला अनुकूल नकाशा मंजूर केला. एकच राज्य घेतले तर वर्गातील निम्म्या मुलांना शिक्षक आपल्यावर उठला आहे असे वाटेल; दोन्ही एकत्र घेतली की चर्चा पुन्हा दोरीवर येते.

वाद आणि आपले मत

वादविवाद स्पर्धेसारखा घेऊ नये. चार-चारचे गट करावेत. दोघांनी एक बाजू अभ्यासून मांडायची, दोघांनी दुसरी, आणि मग बाजू बदलायच्या. जोवर समोरची जोडी ‘होय, आमचे म्हणणे हेच आहे’ असे म्हणत नाही, तोवर विरोधी मुद्दा पोचला असे धरायचे नाही. गुण याच पायरीला सर्वांत जास्त द्यावेत. माझ्या पाहण्यात हा एक बदल वर्गाचा सूर सर्वांत लवकर पालटतो.

‘सर, तुम्ही कोणाला मत दिले?’ हा प्रश्न येतोच. ज्यांना अजून मताधिकार नाही त्यांनी तसे सरळ सांगावे. ज्यांना आहे त्यांनी, मला वाटते, सांगू नये. निदान सत्र संपेपर्यंत तरी नाही. मत सांगणारे काही चांगले शिक्षक मी पाहिले आहेत, पण गुण देणाऱ्याचे मत ऐकल्यावर निबंधांचा कल कुठे झुकतो तेही पाहिले आहे.

बातमीची पारख करण्यासाठी एकच सवय लावावी. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की व्यावसायिक तथ्यतपासनीस अनोळखी संकेतस्थळ वाचत बसत नाहीत. ते लगेच बाहेर पडून नव्या टॅबमध्ये त्या संकेतस्थळाविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहतात. मुलांना घड्याळ लावून ९० सेकंदांत हे करायला लावावे.

नोंदणी आणि नागरिकत्व

अनेक शाळांत बारावीच्या मुलांसाठी मतदार नोंदणीचा कार्यक्रम होतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत सोळाव्या वर्षीच पूर्वनोंदणी करता येते. हेतू उत्तम आहे, पण येथे एक धोका आहे आणि तो आपल्या मुलांना सर्वांत आधी भोवतो. एच-४ व्हिसावर (एच-१बीधारकांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या विद्यार्थ्याने वर्गाच्या ओघात अर्ज भरून ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत खूण केली, तर नागरिकत्वाचा खोटा दावा केल्याचा ठपका त्याच्या पुढच्या संपूर्ण इमिग्रेशनवर येऊ शकतो. म्हणून नोंदणी कधीही गृहपाठ किंवा गुणांचा भाग करू नये, अर्ज सर्वांना सरसकट वाटू नये, आणि पात्रतेच्या अटी मोठ्याने वाचून दाखवून इच्छुकांनी स्वतः टेबलाकडे यावे अशी व्यवस्था ठेवावी. कोण नागरिक आहे आणि कोण नाही, हे मात्र वर्गात कधीच विचारू नये. ज्यांना मत देता येत नाही त्यांनाही स्कूल बोर्डाच्या सभेत बसता येते आणि बहुतेक ठिकाणी काही मिनिटे बोलताही येते. सर्वांसाठी तीच भेट सक्तीची करावी. आपल्या जेवणाच्या सुटीची वेळ कोण ठरवते हे तेथे त्यांना प्रत्यक्ष दिसते.

निवडणुकीनंतरची सकाळ

नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा निवडणुकीचा दिवस असतो, आणि बुधवारची सकाळ वर्षातील सर्वांत अवघड असते. काही मुले हसत येतात, काहींचे डोळे सुजलेले असतात, काहींना रात्री घरी झालेल्या बोलण्याची भीती बसलेली असते. त्या दिवशी कोणालाही बोलायला लावू नये. पहिली दहा मिनिटे सर्वांनी वहीत लिहायचे: काल काय घडले, त्यातले मला नक्की काय माहीत आहे, आणि काय अजून माहीत नाही. वह्या गोळा करू नयेत.

त्यानंतर फळ्यावर फक्त तारखा लिहाव्यात. अध्यक्षपदाची निवडणूक असेल तर काल रात्री वृत्तवाहिन्यांनी जाहीर केला तो अंदाज आहे, अधिकृत निकाल नव्हे. आधी काउंट्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग) मते मोजून संपवतात, मग राज्ये निकाल प्रमाणित करतात, डिसेंबरमधल्या दुसऱ्या बुधवारनंतरच्या मंगळवारी इलेक्टर आपापल्या राज्यात मते देतात, ६ जानेवारीला काँग्रेस ती मोजते, आणि २० जानेवारीला दुपारी बारा वाजता शपथविधी होतो. प्रत्येक तारखेपुढे ती घटनेत आहे, कायद्यात आहे की नुसत्या प्रथेत, हे मुलांनी आपल्या खुणा केलेल्या प्रतींमधून शोधून लिहायचे. तास संपेपर्यंत एवढेच काम पुरते, आणि शेवटी कोणाला बोलावेसे वाटले तर शिक्षकाने जेवणाच्या सुटीत वर्गाचे दार उघडे ठेवून तेथेच बसावे.